चार भिंती, चार कारणं

चौदा विद्या आणि चौसष्ट कलांच्या अधिपतीला वंदन करून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही चित्रांचा विषय घेतला आहे. वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची जी यादी दिली आहे, तिच्यात गायन, वादन आणि नृत्य यांच्या पाठोपाठ चौथ्या क्रमांकावर 'आलेख्य' येतं. आलेख्य म्हणजे चित्र. त्या शब्दाच्या पोटात 'लिहिणं' आहे. आपल्या जुन्या मराठीतही चित्र 'लिहीत' असत. म्हणूनच एखादा माणूस चकित होऊन जागच्या जागी थांबला, की तो चित्रलिखितासारखा उभा राहिला असं आपण आजही म्हणतो.

माणूस चित्र का काढतो, आणि काढतो तेव्हा नेमकं कशाचं काढतो? 'शोभेसाठी' हे उत्तर चटकन तोंडावर येतं. पण आपल्याच घरात पाहा. श्रावण लागला की देवघराशेजारी जिवतीचा कागद लागतो. वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, मध्ये लेकरांना अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि खाली हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती. हा कागद शोभेसाठी कुणी लावत नाही. लेकराबाळांना आयुष्य मिळावं म्हणून घरची माउली शुक्रवारी त्याची पूजा करते. गौरी येतात तेव्हा उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं काढतात. ती दोन दिवसांत पुसली जातात आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, कारण ज्या कामासाठी ती काढली ते काम झालेलं असतं. शोभा असतेच, पण चित्र काढण्याचं कारण दुसरं असतं.

हे दुसरं कारण शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. बडोदे शहर आणि त्याच्या पूर्वेचा आदिवासी मुलूख, एवढ्या टापूत चार भिंती अशा आहेत की त्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या तर चित्रांचा बराचसा इतिहास कळतो. आम्ही काही कलेचे जाणकार नव्हे. स्थापत्याची पदविका घेऊन राज्य सरकारच्या नोकरीत वीस-बावीस वर्षं काढलेली माणसं आम्ही. भिंत दिसली की ओल कुठून येते हे आधी पाहायची आमची सवय. पण भिंतीवर जे काढलं आहे ते कुणी काढवून घेतलं आणि कुणी पाहावं म्हणून, हे दोन प्रश्न कुणालाही विचारता येतात. तेवढेच आम्ही विचारले आहेत.

पहिली भिंत : नवसाची

छोटा उदेपूरचा भाग २०१३ पर्यंत बडोदे जिल्ह्यातच होता. तिथल्या राठवा समाजाच्या घरात ओसरीतली मुख्य भिंत पिठोऱ्याची असते. घरातलं आजारपण हटेना, गुरं दगावली, पीक बुडालं, की घरधनी बडव्याकडे जातो. बडवा म्हणजे आपल्याकडे ज्याला भगत म्हणतात तो. त्याच्या सांगण्यावरून पिठोरा देवाला नवस बोलला जातो. संकट टळलं की भिंतीवर पिठोरा काढून घ्यायचा. त्यासाठी गावजेवण घालावं लागतं, बळी द्यावे लागतात, म्हणजे खर्च मोठा. तो जमेपर्यंत कधी कधी वर्षं जातात, पण नवस काही विसरला जात नाही.

भिंत तयार करण्याचं काम कुमारिकांचं. आधी शेणमातीचा हात, त्यावर पांढऱ्या मातीचा. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. जे चित्र काढतात त्यांना 'लखारा' म्हणतात. लखारा म्हणजे लिहिणारा. सुरुवातीला सांगितलेलं आलेख्य इथे अजून जिवंत आहे. आधी एक मोठी चौकट आखली जाते आणि तिच्या आत घोडेच घोडे येतात. ही पिठोऱ्याच्या लग्नाची वरात आहे आणि घोड्यांवरून देव आले आहेत. त्यांच्या अवतीभवती सगळा संसार असतो. नांगर धरलेला शेतकरी, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस, विहीर, वाघ, सूर्य आणि चंद्र. अलीकडच्या पिठोऱ्यात आगगाडी आणि विमानही आलं आहे, कारण तेही आता त्या संसाराचा भाग झालं आहे.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट पुढेच आहे. या भिंतीवरही अग्रपूजेचा मान गणपतीचा. राठवा त्याला बाबा गणेह म्हणतात. त्याला सोंड नसते आणि मोदकही नसतो. तो घोडेस्वार आहे आणि हुक्का ओढतो. आपला बाप्पा आणि त्यांचा बाबा रूपाने इतके वेगळे, पण कोणत्याही कार्यात आधी त्यालाच बोलवायचं ही रीत एकच.

चित्र लिहून झालं की बडव्याच्या अंगात येतं आणि तो भिंतीसमोर उभा राहून एकेक देव ओळखत जातो. कुणी राहून गेला असेल तर लखाऱ्याला तो तिथल्या तिथे लिहावा लागतो. चित्र सुंदर झालं का, हे तिथे कुणी विचारत नाही. सगळे आले का, हे विचारतात. म्हणजे हे चित्र एक आवतण आहे. जे एरवी डोळ्यांना दिसत नाहीत त्यांना घरी बोलावून, भिंतीवर बसवून, आता इथेच राहा असं सांगणं आहे. पुढे कधी दुसरा नवस झाला तर जुन्यावर पांढरा हात फिरवून नवा पिठोरा लिहितात. जुनं चित्र गेलं म्हणून हळहळ नाही.

२०२३ साली छोटा उदेपूरचे पिठोरा चित्रकार परेश राठवा यांना पद्मश्री मिळाली. आज पिठोरा कागदावर आणि कॅनव्हासवर प्रदर्शनांत पोहोचला आहे आणि शहरांतल्या दिवाणखान्यांतही लागतो आहे. चांगलंच आहे. फक्त त्या कॅनव्हाससमोर 'सगळे आले का' असं विचारणारा बडवा नसतो, ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढच्या तिन्ही भिंतींना ती लागू आहे.

दुसरी भिंत : वाड्यातली

आता बडोदे शहरात, रावपुऱ्यात येऊ. तिथला तांबेकरांचा वाडा आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिला असेल. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात बडोदे राज्याचे दिवाण होते. गादीवर तेव्हा गणपतराव गायकवाड होते. लाकडी खांब, तुळया आणि कोरीव काम असलेला हा मराठी पद्धतीचा मजली वाडा आज भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तो एवढा महत्त्वाचा ठरला तो आतल्या भित्तिचित्रांमुळे.

या भिंतींवर कृष्णाच्या लीला आहेत, महाभारतातले प्रसंग आहेत, आणि त्यांच्याच सोबतीला इंग्रज-मराठा युद्धही आहे. चित्रांत मराठी वळण आहे, गुजराती-राजस्थानी वळण आहे आणि नुकत्याच येऊ लागलेल्या युरोपीय चित्रांचीही छाया आहे. बडोदे तेव्हा नेमकं असंच होतं. राज्यकर्ते आणि कारभारी मराठी, पेढ्या आणि बाजार गुजराती, आणि छावणीत कंपनीचा रेसिडेंट.

वाड्यातली ही चित्रं रस्त्यावरच्या माणसाला दिसत नाहीत. ती घरच्यांसाठी आहेत आणि भेटायला येणाऱ्यांसाठी आहेत. दिवाणाकडे कामासाठी आलेला माणूस बसून वाट पाहत असेल, तेव्हा त्याच्या नजरेसमोर हे सगळं असणार. घरातल्या मुलांना आजीने हात धरून हा गोवर्धन, हा कंस असं दाखवलं असणार. पिठोऱ्यात देवांना बोलावणं होतं. इथे पाहुण्याला आणि पुढच्या पिढीला सांगणं आहे की आम्ही कोण, आमच्या गोष्टी कोणत्या.

यातलं युद्धाचं चित्र आम्हाला सर्वांत बोलकं वाटतं. गायकवाडांनी १८०२ मध्येच कंपनीची तैनाती फौज स्वीकारली होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा बडोदे कंपनीच्या बाजूला होतं. भाऊ दिवाण झाले तेव्हा त्या शेवटच्या युद्धाला तीस वर्षं उलटून गेली होती आणि रेसिडेंटच्या सल्ल्याशिवाय राज्यात पान हलत नव्हतं. अशा राज्याच्या दिवाणाच्या घरात मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या लढाईचं चित्र असावं, याला अर्थ आहे. दरबारात जे मोठ्याने बोलता येत नव्हतं ते घरातल्या भिंतीवर काढता येत होतं. ज्याने हे काढवून घेतलं त्याच्या मनात अभिमान होता, खंत होती की नुसती आठवण होती, हे चित्रावरून ठरवता येणार नाही. पण विसरायचं नाही एवढं त्याने ठरवलं होतं, हे नक्की.

तिसरी भिंत : दरबारातून देव्हाऱ्यापर्यंत

१८७५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला. तेच सयाजीराव महाराज तिसरे. १८८१ च्या डिसेंबरात त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. दिवाण सर टी. माधवराव पूर्वी त्रावणकोरला होते. त्यांच्या ओळखीने तिकडचे चित्रकार राजा रविवर्मा या समारंभाच्या सुमारास बडोद्यात आले आणि त्यांनी राजघराण्यातली व्यक्तिचित्रं रंगवली.

पुढे लक्ष्मी विलास राजवाडा उभा राहू लागला. १८९० मध्ये तो पूर्ण झाला. त्यासाठी महाराजांनी १८८८ मध्ये रविवर्म्यांना रामायण-महाभारतातल्या प्रसंगांवर चौदा मोठी तैलचित्रं करायला सांगितली. रविवर्म्यांनी आधी धाकटे बंधू राजराज वर्मा यांच्यासह उत्तर हिंदुस्थानचा प्रवास केला. त्यांच्यापुढे अडचण अशी होती की द्रौपदीला, दमयंतीला, सुभद्रेला नेसवायचं काय? प्रत्येक प्रांताचं नेसणं वेगळं. देवळातल्या मूर्तींचं पाहून काढावं तर ते समोर चालत्या-बोलत्या माणसांना आपलं वाटणार नाही. शेवटी त्यांनी पुराणातल्या स्त्रियांना साडी नेसवली. त्यांच्या कितीतरी नायिका आपल्या आजीसारख्या नऊवारी मराठी पद्धतीने नेसलेल्या दिसतात ते उगाच नाही.

चित्रं तयार होऊन बडोद्याला आली तेव्हा महाराजांनी ती लगेच राजवाड्यात बंद केली नाहीत. काही दिवस लोकांसाठी ती मांडून ठेवली आणि मुंबई इलाख्यातून माणसं ती पाहायला लोटली. वाडा आणि राजवाडा यांतला फरक इथे दिसतो. तांबेकरांच्या भिंती ओळखीच्या माणसासाठी होत्या. ही चित्रं ज्याला पाहायची त्याच्यासाठी, निदान काही दिवस तरी, मोकळी होती. १९०६ मध्ये साऱ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा आणि पुढे गावोगावी वाचनालयं नेणारा राजा हाच. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या डोळ्यांपर्यंतही काही पोहोचलं पाहिजे, हा विचार दोन्हीकडे एकच दिसतो.

पण एवढ्यानेही भागणारं नव्हतं. मूळ चित्र एकच असतं आणि पाहणारे लाखो. माधवरावांनीच रविवर्म्यांना सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून रंगीत छापून घ्यावीत. रविवर्म्यांनी त्यापुढे जाऊन १८९४ मध्ये मुंबईत स्वतःचा शिळाछापखाना काढला. जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञ आणले. या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागतो आणि एकाच कागदावर रंगावर रंग चढवत जावं लागतं. एक दगड केसभर हलला तरी देवीचं ओठांचं लाल गालावर जातं. छापखाना नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तोट्यात आला आणि अखेर फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. रविवर्म्यांना त्यात पैसा मिळाला नाही, पण छापलेली लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर गेली.

याचा परिणाम आज आपण रोज पाहतो. कमळात उभी, चार हातांची, साडीतली लक्ष्मी डोळे मिटून आठवा. जी दिसते ती बहुतेक रविवर्म्यांचीच. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात जाण्याची मुभा नव्हती त्यांच्याही घरात आणा-दोन आण्यांत देव आला. दुसऱ्या बाजूने, गावोगावचे देव जे वेगवेगळ्या रूपांत होते, त्यांच्या जागी एकच चेहरा येऊ लागला. बाबा गणेहसारखा हुक्का ओढणारा गणपती छापील कागदावर बसला नाही. मिळालं आणि गेलं, दोन्ही हिशेबात धरलं पाहिजे.

चित्रांची ही ओढ पुढे कुठवर गेली तेही पाहण्यासारखं आहे. १८९० मध्ये महाराजांनी प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने बडोद्यात कलाभवन सुरू केलं. तिथे शिकलेला एक मराठी तरुण पुढे रविवर्मा छापखान्याचंही काम करत होता. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये त्याने 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. रविवर्म्यांनी रंगवलेली हरिश्चंद्र-तारामतीची गोष्ट वीस-बावीस वर्षांत भिंतीवरून उतरून चालू लागली.

चौथी भिंत : स्मारकाची

विश्वामित्रीच्या पुलाजवळचं कीर्तिमंदिर १९३६ मध्ये, सयाजीरावांच्या कारकिर्दीच्या हीरक महोत्सवाच्या सुमारास उभं राहिलं. गायकवाड घराण्यातल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ ते बांधलं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी, आणि पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. मधल्या दालनाच्या चार भिंती रंगवण्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. १९३८ मध्ये बारडोलीजवळच्या हरिपुरा काँग्रेससाठी गांधीजींच्या सांगण्यावरून ग्रामजीवनाची चित्रं रंगवणारे तेच हे नंदलाल. पुढे भारतीय संविधानाची मूळ प्रत सजवण्याचं कामही त्यांनीच केलं.

कीर्तिमंदिरातलं काम १९३९ मध्ये सुरू झालं आणि टप्प्याटप्प्याने १९४६ पर्यंत चाललं. ज्या महाराजांनी ते योजलं ते ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. म्हणजे चारही भिंती त्यांच्या माघारी पूर्ण झाल्या.

आता राजघराण्याचं स्मारक म्हटल्यावर भिंतींवर काय असावं? दमाजीराव, पिलाजीराव, लढाया, दरबार, हत्तीची अंबारी असं कुणालाही वाटेल. यातलं काहीही तिथे नाही. चार भिंतींवर चार विषय आहेत. गंगावतरण, महाभारताचं युद्ध, मीराबाईचं चरित्र आणि नटीची पूजा.

गंगावतरण पूर्वजांच्या स्मारकात का, हे सहज कळतं. भगीरथाने गंगा आणली ती आपल्या पितरांच्या उद्धारासाठी. महाभारताची भिंत भाऊबंदकीने घराण्याचं काय होतं ते सांगते. गायकवाडांच्याच नव्हे, साऱ्या मराठेशाहीच्या इतिहासात ज्यांना डोकवायचं त्यांनी या भिंतीपुढे जरा जास्त वेळ उभं राहावं. तिसऱ्या भिंतीवरची मीरा राजघराण्यातली सून. तिने राजवाडा सोडला आणि सर्वसामान्यांच्या संगतीत जाऊन बसली. चौथी गोष्ट रवींद्रनाथांच्या १९२६ च्या 'नटीर पूजा' या नाटकातली. बुद्धाच्या स्तूपाची पूजा राजाज्ञेने बंद झालेली असते. श्रीमती नावाच्या राजनर्तकीला त्याच स्तूपापुढे नाचण्याचा हुकूम होतो, विटंबना व्हावी म्हणून. ती नाचते, पण नाचता नाचता एकेक दागिना उतरवून ठेवते आणि नृत्याचीच पूजा करते. त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात. शांतिनिकेतनात हे नाटक झालं तेव्हा श्रीमतीची भूमिका नंदलालांची मुलगी गौरी हिने केली होती. बापाने लेकीचं ते नाचणं डोळ्यांत साठवून ठेवलं असणार.

राजांच्या स्मारकातल्या चारपैकी दोन भिंतींवर राजसत्तेपुढे न झुकलेल्या दोन स्त्रिया आहेत. इतकी मोकळीक चित्रकाराला देणारं संस्थान आणि ती घेणारा चित्रकार, दोघांचंही कौतुक वाटतं. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. दरबार गेला, तनखे गेले, पण त्या भिंती तशाच आहेत. पूर्वजांची कीर्ती सांगायची तर त्यांची स्तुती न करता त्यांना आणि आपल्याला कोणत्या कसोटीला उतरायचं आहे ते काढून ठेवावं, हा या भिंतीचा विचार आहे.

संस्थान गेल्यावर चित्रं काढवून घेणारा धनीही गेला. पण चित्रकला थांबली नाही, कारण तोवर शिकण्याची जागा तयार झाली होती. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ आणि लगोलग १९५० मध्ये त्याची ललित कला शाखा सुरू झाली. चित्रकला विभागाची धुरा नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. बेंद्रे मूळ इंदूरचे. तिथे देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकून ते आले होते. इंदूरच्या आणि बडोद्याच्या मराठी वस्त्यांचा हा धागा आपण अभिमानाने सांगावा असा आहे. इथून पुढे चित्रकार नवस, धनी किंवा राजा यांच्यासाठी न काढता स्वतःला जे दिसलं ते काढू लागला. पाहणारा कोण, हे मात्र त्याला आता आधी ठाऊक नसतं.

चारही भिंतींचा एकच जमाखर्च

पिठोऱ्यात देव बोलावले, वाड्यात घराण्याची ओळख मांडली, दरबारातून देव्हाऱ्यापर्यंत सगळ्यांना एक रूप दिलं, स्मारकात कसोटी लिहून ठेवली. कारणं चार, पण चारही ठिकाणी जे समोर नव्हतं ते समोर आणून ठेवलं आहे. न दिसणारा देव, होऊन गेलेली लढाई, कधी न पाहिलेली दमयंती, सत्तेला नकार देणारी नटी. समोर असलेल्या गोष्टीसाठी माणूस सहसा एवढी मेहनत घेत नाही. जे हरवेल किंवा येणार नाही अशी धास्ती वाटते, तेच तो रंगवतो.

आणि चारही ठिकाणी चित्राला वाचणारा लागतो. बडवा नसेल तर पिठोरा नुसते घोडे. आजी नसेल तर तांबेकर वाड्यातला गोवर्धन हा नुसता डोंगर. या बाबतीत आमच्या पेशातली एक गोष्ट सांगतो. जुनी भिंत चुन्याची असते आणि चुना श्वास घेतो. तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतल्या अंगाने येते, सोबत क्षार आणते आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. लोकांना वाटतं, भिंत पक्की केली. प्रत्यक्षात चित्राला मूठमाती दिलेली असते. भिंतीचं हे दुखणं अभियंता सांगू शकतो. पण चित्र ज्यांना वाचता येतं ती माणसं कमी होत जातात, त्यावर कुठल्याही खात्याकडे इलाज नाही. तो इलाज आपल्याकडेच आहे.

आपल्या मंडपांच्या दारात आज कोणती चित्रं असतात? मोठमोठे फ्लेक्स, त्यांवर शुभेच्छुकांचे हसरे चेहरे. शंभर वर्षांनी कुणी आमच्यासारख्याने दोन प्रश्न विचारले, कुणी काढवून घेतलं आणि कुणी पाहावं म्हणून, तर काय उत्तर निघेल? उत्सवाला पैसा लागतो आणि देणाऱ्याचं नाव लावावं लागतं, हे आम्हालाही समजतं. पण मंडपाला चार बाजू असतात. एक बाजू तरी दुसऱ्या कशासाठी ठेवता येईल.

म्हणून तीन साध्या सूचना. पहिली, आपल्यापैकी ज्यांचे जुने वाडे किंवा घरं आहेत, त्यांनी पाडण्यापूर्वी किंवा रंग देण्यापूर्वी भिंतीवर, दारावर, देवळीच्या कडेला जी काही जुनी चित्रं असतील त्यांचे फोटो काढावेत, मागे जागा आणि तारीख लिहावी. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापण्याआधी जाणकाराला विचारावं. दुसरी, या वर्षात एकदा तरी मुलांना तांबेकर वाडा आणि कीर्तिमंदिर दाखवावं. भिंतीला हात लावू नये, कॅमेऱ्याचा झोत मारू नये, आणि घाईने बाहेर पडू नये. एखाद्या चित्रापुढे मुलाला बसवून ही गोष्ट कुठली, हे विचारावं. त्याला आली नाही तर आपण सांगावी, आणि आपल्यालाही येत नसेल तर घरी आल्यावर वडीलधाऱ्यांना विचारावं. तिसरी, पुढच्या वर्षीच्या आराशीत मंडपाची एक भिंत मुलांच्या हाती द्यावी. त्यांना हवं ते त्यांनी काढावं. मोबाईल काढतील, क्रिकेट काढतील, सोंड नसलेला गणपतीही काढतील. काढू द्यावं. पिठोऱ्यात विमान चालतं तर आपल्या मंडपातही चालेल.

शेवटच्या दिवशी बाप्पाबरोबर आरासही उतरेल, मुलांची भिंतही पुसली जाईल. त्याची हळहळ नको. राठवा घरधनी जसं विचारतो तसं त्या भिंतीपुढे उभं राहून एकदा विचारावं, सगळे आले का? कुणी राहिलं असेल तर मुलांच्या हातात ब्रश द्यावा आणि तिथल्या तिथे लिहून घ्यावं.

गणपती बाप्पा मोरया!